मालकाचा रिकामा रकाना

साहेबांनी पहिल्या दिवशी टेबलावर एक लोखंडी तुकडा ठेवला. दोन्ही टोकांना दट्ट्यासारखा गोल, एक टोक किंचित बारीक, दुसरं किंचित जाड. आम्ही दोघं शिकाऊ उमेदवार समोर बसलो होतो. एक मी, आणि दुसरा जामसंड्याचा एक मुलगा, ज्याचे वडील शिक्षक होते. साहेब म्हणाले, कारखान्यात भोक पाडलेला प्रत्येक तुकडा यावर लावून बघायचा. बारीक टोक आत गेलं पाहिजे आणि जाड टोक जाता कामा नये. दोन्ही झालं तर माल पास. हे काम त्यांनी पुण्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षं केलं होतं. आता कॉम्प्युटरच्या कामाला असंच माप लावायचं होतं, पण त्याचा लोखंडी तुकडा अजून कुणी बनवलेला नव्हता. तो आपण कागदावर बनवायचा, असं ते म्हणाले.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. जिल्हा नवा होता आणि कॉम्प्युटर त्याहून नवा. पुण्याच्या एका छोट्या कंपनीला आमच्या किनाऱ्यावरच्या होड्या आणि जाळी यांची नोंदवही कॉम्प्युटरवर आणण्याचं काम मिळालं होतं. त्यासाठी त्यांनी मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घराची माडी भाड्याने घेतली. तालुक्याच्या कचेरीतून भरलेले फॉर्म यायचे, दोन मुली ते टाइप करायच्या, आणि जे टाइप झालं ते बरोबर आहे की नाही आणि मुळात प्रोग्राम बरोबर वागतो की नाही, हे तपासायला आम्ही दोघं. जाहिरातीत पदाचं नाव मोठं होतं. सॉफ्टवेअर आणि सिस्टिम यांचा क्वालिटी ऑडिटर. मी ते मुलाखतीला जाताना एसटीत मनातल्या मनात घोकत गेले होते. प्रशिक्षण सहा महिन्यांचं, आणि शेवटी दोघांपैकी एकालाच कायम करणार, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. आमचं गाव समुद्रापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. थोडं भात, थोडे काजू, चार आंबे. मी बी.एस्सी. झाले तेव्हा बाबांनी मार्कशीट देवासमोर ठेवली आणि नंतर ती पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांबरोबर. पुढे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. शाळेत मास्तरीण होण्याची ओढ होती, पण त्यासाठी पुन्हा एक परीक्षा, पुन्हा बाहेरगावी राहणं. तेवढ्यात ही जागा निघाली. मालवणात माझी मावशी होती, तिच्याकडे राहता येणार होतं. बाबांनी आवाठात, म्हणजे आमच्या वाडीत, सगळ्यांना सांगून टाकलं की आपलं चेडू कॉम्प्युटर तपासतं. लोक विचारत, म्हणजे काय करते. बाबा सांगत, तो चुकला की ही त्याला सांगते. मला संकोच वाटे, पण आजही मला यापेक्षा चांगली व्याख्या सुचलेली नाही.

माडीवरच्या आतल्या खोलीत कॉम्प्युटर होता. तिथे चपला काढून जावं लागे. वीज जायची, यायची, कधी निम्मीच यायची, म्हणून एक जड स्टॅबिलायझर होता आणि तो सारखा खटखट आवाज करायचा. त्या खटखटीचीही आम्ही नोंद ठेवत असू, कारण एकदा वीज गेली तेव्हा टाइप केलेल्या चाळीसएक होड्या नाहीशा झाल्या होत्या. नावं इंग्रजी अक्षरांत टाइप होत. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर प्रिंटआउट निघे, आणि आम्ही दोघं जमिनीवर तो पसरून बसत असू. एकाने मूळ फॉर्म वाचायचा, दुसऱ्याने प्रिंटआउटवर पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. तासाने अदलाबदल. डोळे दुखायचे. पण शिकताना मला कंटाळा आल्याचं आठवत नाही.

जुळवणं हे काम सोपं होतं. अवघड काम होतं प्रोग्रामला मुद्दाम फसवणं. साहेब म्हणायचे, तुम्ही त्याच्याशी फार सभ्यपणे वागता, जरा वाईट वागा. मग आम्ही नऊशे फुटांची होडी भरायचो. तेराव्या महिन्यात नोंदलेली होडी भरायचो. एकाच नंबराच्या दोन होड्या भरायचो. प्रोग्रामने नको म्हटलं पाहिजे. नको म्हटलं नाही, तर तो दोष, आणि दोष सापडला की चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीत तीनच गोष्टी. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. माणसाचं नाव लिहायचं नाही, कुणाचं काम निष्काळजीपणाचं आहे वगैरे लिहायचं नाही. माझी पहिली चिठ्ठी साहेबांनी चार वेळा परत केली. एकदा 'बहुतेक' खोडलं, एकदा 'वाटते' खोडलं. चौथ्यांदा म्हणाले, "आता ही चिठ्ठी मी तुम्हाला न विचारता समजू शकतो. म्हणजे झाली."

कॉलेजात मी असं काही शिकले नव्हते. उत्तरपत्रिकेत जेवढं जास्त लिहावं तेवढं चांगलं, एवढंच माझ्या शाळेने आणि कॉलेजने मला शिकवलं होतं, आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांच्यामुळेच मी त्या माडीपर्यंत पोचले. पण कमी लिहून पूर्ण सांगणं मी साहेबांकडे शिकले.

गणपतीनंतरची गोष्ट. होड्यांची यादी संपून जाळ्यांची सुरू झाली होती. फॉर्मवर एक रकाना होता मालकाच्या नावाचा. तपासताना माझ्या लक्षात आलं की अठरा ओळींत तो रकाना रिकामा आहे. जाळ्याचा प्रकार लिहिलेला, गाव लिहिलेलं, लांबी लिहिलेली, मालक मात्र नाही. अठराही ओळींत जाळ्याचा प्रकार एकच होता, रापण. आणि प्रोग्रामने हे रिकामे रकाने काहीही न बोलता स्वीकारले होते. मी चिठ्ठी लिहिली. क्रमांक अकरा. मालकाचं नाव न भरता नोंद केली. नोंद नाकारली जायला हवी होती. नोंद स्वीकारली गेली. एकदाही परत न येता पास झालेली माझी ती पहिली चिठ्ठी.

साहेबांनी ती भिंतीवरच्या फळीला टाचणीने लावली आणि जामसंड्याच्या मुलाला म्हणाले, हे बघा, असं लिहायचं. पुण्याहून प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ पंधरवड्याने आले आणि त्यांनी प्रोग्राममध्ये नियम घातला, मालकाचा रकाना रिकामा असेल तर नोंद पुढे जाणार नाही. अठरा फॉर्म लाल शेरा मारून तालुक्याच्या कचेरीत परत गेले. दिवाळीनंतर ते भरून आले. प्रत्येक रकान्यात नाव होतं. मुलींनी ते टाइप केले, आम्ही जुळवले, एकही चूक निघाली नाही. तपासलं म्हणून खाली माझी सही.

त्या शनिवारी घरी गेले तेव्हा मी बाबांना चिठ्ठी क्रमांक अकराची गोष्ट सांगितली. त्यांना फारसं कळलं नसावं. पण पुढच्या शनिवारी गेले तेव्हा ती आवाठात सगळ्यांना ठाऊक होती.

डिसेंबरात काम सरकारी कचेरीच्या ताब्यात द्यायचं ठरलं. त्याआधी साहेबांचा एक शेवटचा पाठ होता. ते म्हणाले की कागद कागदाशी जुळला हे निम्मं काम झालं. आता यादीतल्या दहा-दहा ओळी घ्या आणि जाऊन वस्तू बघून या. कारखान्यात मी तयार माल गोदामात जाऊन पुन्हा मोजायचो, तसं. पुण्याच्या कंपनीला हे मान्य नव्हतं, उगाच दोन दिवस जातात असं त्यांचं म्हणणं होतं. पण साहेबांनी आपल्या अधिकारात पाठवलं. जामसंड्याचा मुलगा देवगडकडे गेला. माझ्या वाट्याला तोंडवली आणि देवबाग आले. दहापैकी आठ होड्या होत्या, दोन रापणी.

हे लिहायला हवं की मला समुद्र ठाऊक नव्हता. मालवण आमच्या गावाहून एसटीने दीड तासावर, मासे रोज घरात, पण रापण ओढताना मी कधी पाहिली नव्हती. मला वाटायचं, ते एक मोठं जाळं आणि ते एखाद्या मोठ्या माणसाचं असणार.

तोंडवलीला सकाळी नऊच्या सुमाराला पोचले. सुरूच्या बनातून पुढे गेलं की किनारा. रापण समुद्रात टाकलेली होती. अर्धगोल, खूप लांब, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही दोरांना माणसं लागलेली. पुरुष, बायका, म्हातारे. पाठीमागे झुकून पावलापावलाने ओढत होते आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येत होत्या. मी एका रांगेच्या शेवटी दोर गुंडाळत असलेल्या म्हातारीजवळ गेले आणि कचेरीतल्या मराठीत विचारलं की या रापणीचे मालक कुठे भेटतील. प्रिंटआउटवरचं नाव वाचून दाखवलं.

म्हातारीने मला खालीवर बघितलं. "खंयची गो तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. मग तिच्याच बोलीत सांगितलं की कॉम्प्युटरवरची यादी तपासायला इलंय.

"मालक तो बघ." तिने रांगेतल्या चौथ्या माणसाकडे हनुवटी केली. "पायात वहाण नाय, आंगात सदरो नाय. पण मालक आसा. सरकारान केल्यान."

दोराला लागलेल्या बायका हसल्या. त्यातल्या एकीने त्या माणसाला हाक मारली, "ओ मालकानू, तुमका भेटूक बाय इली हा." तो माणूस हसला नाही. दोर सोडून आला नाही. ओढणं संपेपर्यंत मी वाळूत थांबले. तासभर तरी लागला. जाळ्याची झोळी किनाऱ्याला लागली, त्यात तारली होती आणि थोडे बांगडे. मग तिथेच वाळूत वाटे पडले. एकेकाचं नाव घेऊन ढीग. मी मोजायला लागले आणि पस्तीसच्या पुढे मोजणं सोडलं. ज्याला मी मालक समजत होते त्याचाही एक ढीग, बाकीच्यांसारखाच. तांडेल म्हणून, म्हणजे रापण कधी आणि कुठे टाकायची हे सांगणारा म्हणून, वर मूठभर जास्त. बस्स.

तो मग माझ्याजवळ आला. साठीचा असेल. मला बाय म्हणाला आणि खाली बसला. दिवाळीच्या आधी कचेरीतला माणूस येऊन गेला होता, असं त्याने सांगितलं. हातात कागद, त्यावर लाल खूण. त्या माणसाला घाई होती.

"माका विचारल्यान, हयसर मोठो कोण. मी सांगलंय, वयान मीच मोठो. तां लिवन घेतल्यान. रापण माझी म्हणान मी सांगूक नाय."

पुढचं म्हातारीने सांगितलं. नोव्हेंबरात कचेरीतून पोस्टाने एक छापील पत्र आलं होतं, रापणीचे मालक म्हणून त्याच्या एकट्याच्या नावाने, कसल्यातरी सभेचं. पोस्टमनने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तेव्हापासून या माणसाचा सख्खा भाऊ ओढायला आलेला नव्हता. त्याचं म्हणणं, आज कागदावर एकाचं नाव चढलं, उद्या त्याचे मुलगे म्हणतील रापण आमची. भावाबरोबर आणखी चार घरं. त्या दिवशी दोराला माणसं कमी होती आणि म्हणूनच ओढायला एवढा वेळ लागला, हे मला तेव्हा कळलं.

"आजापणज्यापास्ना सगळ्यांची ती," म्हातारी म्हणाली. "दोर माज्या सासऱ्यान वळलेलो. जाळा चाळीस घरांनी इणलेला. आता तेचा एकट्याचा नाव घातलंस, मगे आमी काय तेचे गडी?"

मी म्हटलं की नाव मी नाही घातलं.

"मगे कोणी?"

मी प्रिंटआउटची घडी घालून तो पिशवीत ठेवला. अठरा रकाने रिकामे होते. पहिल्यांदा फॉर्म भरणाऱ्या कुणाला तरी रापण म्हणजे काय ते ठाऊक होतं, म्हणून त्याने ते रिकामे ठेवले होते. सगळ्या यादीत खरं होतं ते तेवढंच, आणि मी ते दोष म्हणून पकडलं होतं.

मी वहीत लिहून घेतलं. काय पाहिलं, किती घरं, वाटे कसे पडले. दुसऱ्या दिवशी देवबागेला गेले. एसटी जाते तिथपर्यंत एसटीने, पुढे वाळूतून चालत, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. यादीवर ज्याचं नाव होतं तो माणूस शोधायला वेळ लागला नाही, त्याचं घर वाटेवर पहिलंच होतं. तो सुतार निघाला. तो होड्या दुरुस्त करायचा, रापणीशी त्याचा काही संबंध नव्हता. कचेरीचा माणूस दुपारी आला, सगळे समुद्रावर होते, म्हणून सही त्याने करून दिली, इतकंच. मी मालक आसंय तां माका तू सांगतंस तेवाच कळता, असं म्हणून त्याने मला शहाळं दिलं. मी ते प्याले, पण मला हसू आलं नाही.

परतताना एसटीत मी साहेबांनी दिलेला तपासणीचा फॉर्म काढून बघितला. त्यावर प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न छापलेला होता. संगणकातील नोंद मूळ फॉर्मशी जुळते का. दहाही ओळींना उत्तर होतं, जुळते. ते खोटं नव्हतं. खाली जागा नव्हती, दुसरा प्रश्न नव्हता. सोमवारी काम ताब्यात जाणार होतं, आणि त्याच आठवड्यात पुण्याला साहेबांचा अहवाल, कुणाला ठेवायचं त्याचा. माझ्या बाजूने सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट भिंतीवर टाचणीने लावलेली होती.

संध्याकाळी जामसंड्याचा मुलगा देवगडहून आला. त्याच्या दहाही होड्या जागेवर होत्या. मी त्याला सगळं सांगितलं. तो मनाने चांगला होता, आणि हेही खरं की मी गप्प बसण्यात त्याचा तोटा होता, फायदा नव्हता. तरी तो म्हणाला, "तुका काय विचारलाहा? जुळता काय नाय. जुळता मा? मगे जुळता म्हणान लिव. प्रोग्राम बरोबर, टायपिंग बरोबर. फॉर्म कचेरीचो चुकलो, आपलो नाय."

मी म्हटलं की रकाना रिकामा चालणार नाही हा नियम आपला.

"नियम बरोबरच आसा. मालक नाय असा जाळा खंय असता?" मग मी वाळूतले वाटे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "कितक्या घरांचा नाव लिवतलंस? सगळो प्रोग्राम बदलूक व्हयो. पुण्याची माणसा तुझ्यार भडकतली. तू आपल्याच पायार धोंडो पाडून घेतंस." हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं.

रविवारी मी घरी गेले. भात कापून झालं होतं आणि आमच्या वाडीत ओढ्याला बांध घालायचं काम चाललं होतं. दर वर्षी पाऊस संपला की दगड, माती आणि झाडाचे टहाळे टाकून ओढा अडवायचा, पाणी पाटाने बागांकडे न्यायचं, आणि पुढच्या पावसात तो बांध वाहून जायचा. पंधरा-वीस घरांतलं एकेक माणूस येई. मी लहानपणापासून त्या बांधावर दगड वाहिलेले आहेत. त्या दिवशीही बाबांना भाकरी द्यायला गेले आणि ओचा खोचून दगड द्यायला उभी राहिले. दोनतीन दगड दिल्यावर हात थांबला. मी बाबांना विचारलं, बांध कोणाचो.

"कोणाचो म्हणजे?" बाबांना प्रश्नच कळला नाही. "जेंका पाणी लागता तेंचो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कित्याक? कागदार व्हयो काय?"

मी म्हटलं, नको, असाच विचारलंय.

समुद्र मला ठाऊक नव्हता ही सबब मी दोन दिवस मनात बाळगली होती. ती तिथे संपली. माझ्या घरासमोर तीच गोष्ट दर वर्षी होत होती आणि ती मला ठाऊक होती. माडीवर कॉम्प्युटरसमोर बसताना मी चपलांबरोबर तीही बाहेर काढून ठेवली होती.

दुपारी ओटीवर बसून मी चिठ्ठी लिहिली. तीनदा लिहिली. काय केलं: यादीतील रापणीच्या दोन नोंदी प्रत्यक्ष पाहून तपासल्या. काय असायला हवं होतं: जाळं ज्यांचं आहे त्यांची नावं. काय आढळलं: तोंडवलीच्या रापणीत सुमारे चाळीस घरं, नोंद एकाची; देवबागच्या रापणीत नोंद रापणीबाहेरच्या माणसाची. उरलेल्या सोळा रापणींच्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही. कारण: चिठ्ठी क्रमांक अकरानुसार घातलेला नियम. तिथे मी पुढे एक वाक्य लिहिलं, की ती चिठ्ठी मी लिहिली होती आणि चूक माझी आहे. बाबांनी विचारलं काय लिहितेस. मी सांगितलं. जागा कदाचित मिळणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी विडी पेटवली. मग म्हणाले की लोकांना मी सांगेन काय सांगायचं ते, तू तुझं बघ. त्यांना वाईट वाटलं होतं. ते त्यांनी लपवलं नाही आणि मला अडवलंही नाही.

सोमवारी साहेबांनी चिठ्ठी उभ्यानेच वाचली, मग बसून वाचली. शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं.

"चिठ्ठीत माणूस नको, हे मी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं."

मी म्हटलं की इथे माणूस मीच आहे.

"म्हणूनच सांगतो. तुम्ही दुसऱ्याचं नाव लिहीत नाही आणि स्वतःचं लिहिता, हा काय न्याय?" मग चष्मा काढून ते म्हणाले, "अकरा नंबर मीही वाचली होती. मला छान वाटली. मी कधी विचारलं नाही की रकाना रिकामा का आहे. आता माझंही नाव लिहिणार का?"

त्यांनी पुण्याला फोन लावला. ट्रंक कॉल, म्हणजे अर्धा दिवस वाट बघणं. फोनवर काय बोलणं झालं ते मला अर्धंच ऐकू आलं, पण साहेबांचा चेहरा दिसत होता. काम ताब्यात देणं पुढे गेलं. प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ आले आणि पहिले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून विचारलं की बरं, घर वाढलं, भाऊ वेगळे झाले, तर वाटा कसा होतो. मला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं की विचारून येते. ते पहिल्यांदा हसले.

जागा जामसंड्याच्या मुलाला मिळाली. ते योग्यच होतं असं मी आज म्हणते. त्या दिवशी तसं म्हणवलं नाही. त्याचं सगळं काम वेळेवर होतं आणि त्याच्यामुळे काही थांबलं नव्हतं. साहेबांनी माझ्यासाठी भांडून तीन महिन्यांचं वाढीव प्रशिक्षण मिळवलं, कायम करण्याचं आश्वासन न देता. फळीवरची अकरा नंबरची चिठ्ठी त्यांनी काढली नाही. नवी चिठ्ठी तिच्याच टाचणीत तिच्याखाली लावली आणि दोन्हींच्या मध्ये पेन्सिलीने एक बाण काढला. ती फळी पाहायला पुढे पुण्याहून माणसं आली तेव्हा मला तिथे उभं राहायला लाज वाटली होती. मार्चअखेर साहेबांनी मला पुण्याला दुसऱ्या एका ठिकाणी पत्र दिलं आणि तिथून माझी नोकरी खऱ्या अर्थाने सुरू झाली. त्यांचे उपकार मोजण्यासारखे नाहीत, म्हणून मी ते मोजत नाही.

मालवण सोडण्याआधीचा एक दिवस सांगायचा राहिला. नवा फॉर्म तयार झाला होता. मालकाच्या रकान्यात आता 'सामाईक' असं लिहिता येत होतं, आणि तसं लिहिलं तर मागे नावांची वेगळी यादी जोडावी लागत होती. कचेरीच्या माणसाबरोबर मीही अठराही ठिकाणी गेले. नावं जमली, टाइप झाली, प्रिंटआउट निघाला. तो घेऊन मी पुन्हा तोंडवलीला गेले, एकटीच. ओढणं संपलं होतं आणि लोक बसले होते. तांडेलाचा भाऊ आला होता. भावापासून जरा दूर बसला होता, पण आला होता.

मी उभी राहून यादी वाचली. एकेक नाव, सावकाश. इंग्रजी अक्षरांतून वाचताना माझी नजर अडखळायची. नाव आलं की माणूस फक्त हूं म्हणायचा. बायकांची नावं आली तेव्हा जरा हसाहशी झाली, कारण त्यांतल्या काहींना त्यांच्या नावाने कुणी कधी हाक मारलेली नव्हती. म्हातारीने स्वतःचं नाव मला दोनदा वाचायला लावलं. तांडेलाचं नाव त्याच्या वयाप्रमाणे नव्हे, अक्षरांच्या क्रमाने कुठेतरी मध्येच आलं, आणि त्याने मान हलवली.

वाचून झाल्यावर म्हातारी बोटांवर काहीतरी मोजत होती. "एक ऱ्हवलो," ती म्हणाली.

कोण, मी विचारलं.

तिने किनाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेलं एक घर दाखवलं. नवरा-बायको बाळंतपणासाठी गावाबाहेर गेले होते, यादी केली तेव्हा नव्हते. वाटा त्यांचा बाजूला ठेवला जात होता.

मी वाळूत बसले, पिशवीतून कोरी चिठ्ठी काढली आणि क्रमांक घातला.